कळसाची सावली

माघ शु. ११, सन १९३६
दोन डाली वांगी रिठदच्या बाजारात खपली. येतांना पारावर एकच कलकल. यंदा महादेवाच्या जत्रेत लोखंडी आकाशपाळणा येणार, पाटील पाळणेवाल्याले सुपारी देऊन आले. आजवर आपला लाकडी होता, चार पेट्यांचा. कुरकुरायचा, पण माणूस सुखरूप उतरवायचा. हा नवा चोवीस हात उंच. सदूबुवा गुरव नुसते लालेलाल. "महादेवाच्या कळसावर जोडे घालून बसान काय रे?" आपल्या गावात कळसाहून उंच काई बांधत नाईत. पाटलाची माडीसुद्धा त्याच्यापायी एकाच मजल्यावर राह्यली.
 मले कोण इचारते?

माघ शु. १३
दिवसभर मोट हाकली. बोललो ते बैलाशी. सरूची माय गेली त्याले दोन वर्षं झाली. घरात माणसाचा आवाज म्हणजे माझाच खोकला.
संध्याकाळी केनवडचा कासार बांगड्यांची पेटी घेऊन आला. केनवडले दिलेल्या लेकीचा निरोप, तोही पारावर सगळ्यांसमोर मोठ्यानं: "सरूचा सासरा म्हणते, पाळणा येईन तं बंडी जुंपून सगळे जत्रेले येऊ. नाई तं त्या धुळीत कायले? बाबा, पाळणा येऊन राह्यला ना, असं इचारलं पोरीनं." लोक हसले. मीही हसलो. मायच्या तेरवीले आली होती, त्यानंतर दोन जत्रा गेल्या, पोरीचं तोंड पायलं नाई.
विहिरीजवळची वांग्याची पहिली ओळ आता तोडत नाई. ती लहान काटेरी वांगी सरूले लय आवडतात.

पौर्णिमा
पारावर भांडण. अर्धं गाव पाटलाकडं, अर्धं गुरवाकडं. बाया पाण्यालेही वेगवेगळ्या वेळी जाऊन राह्यल्या. शेवटी पा. म्हणाले, "अरे, कळस किती उंच हाये हे तरी कोनाले ठाव हाये? मोजा. पाळणा उंच निघाला तं माघारी धाडतो." पण मोजावं कसं? कळसाले पाय कोण लावीन? माझ्या तोंडून निघून गेलं, सावलीवरून मोजता येते. शाळेत मास्तरांनी शिकवलं होतं. काठीची सावली काठीएवढी झाली की त्या घडीले कळसाची सावली जेवढी, तेवढाच कळस उंच. सगळे माझ्याकडं पाहून राह्यले. इतक्या माणसांनी माझ्याकडं लग्नातही पायलं नसन. बरं वाटलं. खोटं कायले लिहू?

वद्य २
मोजलं. पा. न् गु. दोघं काठीजवळ उभे, हातानं मोजणारा मी एकटा. देवळाच्या भिंतीपासून सावलीच्या टोकापर्यंत एकवीस हात. दोनदा मोजलं. एकवीसच. पाळणा चोवीस.
मनात आलं, तीन-चार हात वाढवून सांगावं. सरू येईन. कोणाले कळते? मंग स्वतःचीच लाज वाटली. एकवीस सांगतलं. गु. म्हणाले, "बेल उचल." पिंडीवरचा बेल हातात घेऊन शपथ घेतली की माप खरं हाये.
पा. माझ्याकडं न पाहता निघून गेले. गु.नं पाठीवर थाप मारली. घरी येऊन रडलो. खरं बोलून रडाले येते, हे मले ठाऊक नव्हतं.

वद्य ५
पाटलीणबाई रोज मेथी घेत. आज मले पाहून दार लोटून घेतलं. गुरवाकडचे रामराम करतात न् सरळ पुढं जातात. एवढं करून मी कोणाचा झालो?
पाळणेवाला दोन बंड्या लोखंड घेऊन रिठदले थांबला हाये. तीन दिवसांनी पुसदकडं जाणार म्हणे.
कासार भेटला, आसपासची गावं करून परतत होता. "परवा-तेरवा घरी जातो. काय सांगू पोरीले?" म्हटलं, सांग, पाळणा येत नाई. "अन् तुमचा काई निरोप?" मी त्याची पेटी उचलून त्याच्या खांद्यावर दिली.

वद्य ६
मळ्यात बसलो होतो. समोर कडब्याची गंजी, हातात तीच काठी. काठीची सावली काठीएवढी झाली होती, म्हणून सहज गंजीच्या बुडापासून तिची सावली मोजली. गंजी माझ्या छातीएवढी निघाली! अन् रचतांना मी शिडी लावली होती. एकटाच खदखदून हसलो.
मंग हसू जिरलं. शेंडा हाये मधोमध, मी मोजलं काठापासून. गंजीचं अर्धं पोट मापात आलंच नाई.
तसाच देवळाकडं गेलो. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दहा हात. अर्धे पाच. एकवीस न् पाच सव्वीस. कळस पाळण्याहून दोन हात उंच हाये. बाप्पा रे! महादेवा, तुझाच बेल हातात घेऊन मी तुले ठेंगणं केलं.

वद्य ७
गु.ले एकट्याले सांगतलं. त्यांनी घंटेची साखळी धरली. मंग म्हणाले, "कोनाले बोलू नको. बेल उचलून फिरला तं गाव तुले पानी देनार नाई. देवानंच करवलं असंन."
"बुवा, मोजलं म्या. देवावर कायले घालता?"
"बरं, मंग लोक म्हनतीन, लेकीसाठी फिरला."
हे मात्र खरं. कासाराचा निरोप साऱ्या गावानं ऐकला हाये. माझ्या सव्विसावर कोण इस्वास ठेवीन? आधीच मले बोलाले माणूस नाई. उद्या बैलही गुरवाचंच ऐकीन.
पण सरूले काय सांगू, की बाप चुकला न् गप बसला?

वद्य ८
पाळणेवाला आज दुपारी रिठदहून हलणार. कासार पेटी बांधून केनवडले निघाला होता, त्याले अंगणात बसवून ठेवलं.
"काहून?"
"पारावर जाऊन येतो. निरोप बदलन कदाचित."
"बदलन म्हंजे कसा?"
"ते मलेही ठाऊक नाई."
त्याले भाकर वाढली. पारावर पा. न् गु. दोघंही बसले हायेत, इथून आवाज येतो. कसं सुरू करू ते ठरत नाई. 'मी चुकलो' एवढंच म्हणावं, न् काठी त्यांच्या हाती द्यावी, तुमीच मोजा म्हणावं. बेलाचं काय करतीन ते करतीन.
हे लिहिता लिहिता कासार दोनदा डोकावून गेला. निघतो.
सकाळीच विहिरीजवळची ओळ पायली. वांगी आणखी सहा दिवस, जत्रेपर्यंत, कवळी राहतीन असं वाटते.