खेकडा मधूनच दिसतो

ती. मावशीस,

भाच्याचा नमस्कार. आईलाही तो पोचता कर. ती शेजारीच बसली असणार, कारण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आल्यापासून तू पत्र वाचायचं आणि तिने ऐकायचं ही तुमची पद्धतच पडली आहे. (त्याआधीही तू मोठ्यानेच वाचायचीस म्हणा. दुकानाची पाटीसुद्धा तुला कधी मनात वाचता आली नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? आई गोळ्या वेळेवर घेते, की उशीखाली ठेवते? मी खुशाल आहे. वजन वाढलंय, केस कमी झालेत, म्हणजे एकूण बेरीज तीच.

तू पाठवलेल्या मुलीचा फोटो मिळाला. मुलगी छान आहे, तिच्यामागचं कपाटही छान आहे. होकार की नकार ते ताबडतोब कळव, असं तू खाली रेघ मारून लिहिलं आहेस, आणि त्याखाली आईचा निरोप आहे, की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सून पसंत करणार नाही. आता आईला समोरच्या माणसाच्या कपड्यांचा रंग तेवढा दिसतो, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती पानावरून उठते. म्हणजे सून पाहायला डोळे हवेत, डोळ्यांना ऑपरेशन हवं, आणि ऑपरेशन तर नको. या हिशेबाने माझं लग्न कधी व्हायचं ते तूच सांग. तर उत्तर देतोच, पण उशीर का झाला ते आधी ऐक, नाहीतर म्हणशील पोरगा टाळाटाळ करतोय. (टाळत नाही, जरा लांबवतोय.)

आमची कंपनी दवाखान्यांसाठी हलती चित्रं करते. लोक नंबर लागायची वाट बघत बसतात, तिथे भिंतीवरच्या पडद्यावर ती चालू असतात. (मी सिनेमात आहे असं तू सगळ्यांना सांगतेस, तेही माझ्या कानावर आलंय.) एका डोळ्यांच्या दवाखान्यासाठी मी मत्स्यालय केलं: निळं पाणी, शेवाळ, मासे आणि तळाशी एक खेकडा. ऑफिसात वाहवा झाली. (ऑफिसात आम्ही एकमेकांची वाहवा करतो, दुसरं कोण करणार?) चित्र तिथे लागलं आणि थोड्याच दिवसांत तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, की असाल तसे या.

झालं होतं काय, की मासे लुकलुकत होते. हलतं चित्र म्हणजे काय, तर प्रोग्राम आधीचं चित्र अख्खं पुसतो आणि पाणी, शेवाळ, मासे सगळं नव्याने काढतो, फक्त मासे किंचित पुढे सरकवून. हे डोळ्याचं पातं लवायच्या आत, पुन्हा पुन्हा. पण पुसणं आणि काढणं यांच्या मध्ये पडदा क्षणभर कोरा राहतो, आणि नेमकं तेवढंच माणसाच्या डोळ्यात भरतं. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात कोणी मनावर घेतलं नसतं. पण डोळ्यांच्या दवाखान्यात तासभर असल्या माशांकडे बघत बसलेला माणूस आत जाऊन सांगणार काय? डोळ्यांपुढे लुकलुकतं. चष्म्याची काडी मोडली म्हणून आलेले गृहस्थसुद्धा हेच सांगू लागले. बाई तपासून तपासून थकल्या. थेंब देऊन घरी पाठवलं की माणूस बरा व्हायचा, फेरतपासणीला आला की पुन्हा पहिले पाढे. शेवटी त्या स्वतःच बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या आणि त्यांचा बाकी सगळ्यांवरचा राग माझ्या एकट्यावर आला. मला त्यांनी जे सुनावलं, ते ऐकून तुझी आठवण झाली.

मग मी उपाय सुरू केले. मासे हळू केले, तर ते आजारी दिसू लागले आणि पेशंटांचे चेहरे आणखी उतरले. जलद केले, तर एका आजींना घेरी आली. वायर बदलली, पडदा बदलला. पुसायला पांढऱ्याऐवजी निळा रंग घेतला, तर पाणी शांत झालं आणि मासे जास्तच लुकलुकू लागले. दर वेळी बाई नुसत्या बघायच्या आणि आत जायच्या. मी हात टेकले.

एकदा मी आतल्या खोलीत तपासणीच्या खुर्चीवर बसलो होतो. (आपलेही डोळे दाखवून घ्यावेत असं वाटलं, एवढंच. उगीच मनात काही आणू नकोस.) तिथे दोन्ही बाजूंनी लिहिता येणारा, फिरणारा फळा आहे. छापील तक्ता लोक बाहेर बसून एकमेकांकडून पाठ करून येतात, म्हणून बाईंनी ही युक्ती काढली. पेशंट पुढची अक्षरं वाचतो, तोवर त्या मागच्या बाजूला नवी लिहितात आणि गर्रकन फळा फिरवतात. पुसणं दिसत नाही, लिहिणं दिसत नाही, दिसतं ते पूर्ण झालेलं. माझ्या डोक्यात तिथल्या तिथे उजेड पडला. मी समोरची ओळ अर्धवट टाकून पळालो, त्यामुळे माझा नंबर अजून कोणालाच माहीत नाही.

प्रोग्राममध्ये मी दोन कागद केले. एक समोर, एक मागे. मागच्यावर गुपचूप सगळं काढायचं, पूर्ण झालं की तो पुढे आणायचा आणि पुढचा मागे न्यायचा. मासे कसे संथ जाऊ लागले म्हणतेस! पण तळ हलत नाही, म्हणून तो दर वेळी पुसायचा नाही असं ठरवून मी दोन्ही कागदांवर वाळू एकेकदा काढून ठेवली, आणि खेकडा मात्र चुकून एकावरच काढला. कागद आलटून पालटून पुढे यायचे, त्यामुळे खेकडा आहे, नाही, आहे, नाही. पेशंट आत जाऊन सांगू लागले, खेकडा मधूनच दिसतो. आता बाहेरचं सगळं ठीक आहे अशा समजुतीत असलेल्या बाईंनी बिचाऱ्यांच्या डोळ्यांचे पडदे कसून तपासले. मग मला फोन. या वेळी मात्र त्या हसत होत्या. म्हणाल्या, ‘मासे बरे झाले. खेकड्याला कधी आणताय?’

खेकडाही बरा केला. तरी देखरेख हवी म्हणून मी जात राहिलो, आणि पत्राला उशीर झाला. फोटो सोबत परत पाठवतोय. मुलीला माझ्याहून बरा नवरा मिळो. आईला सांभाळ, गुडघा सांभाळ.

तुझा (तूच म्हणायचीस) गुणी भाचा

ता. क. मावशी, इथून पुढे मनात वाच. आईने विचारलं तर अक्षर लागत नाही म्हण. डॉक्टरीणबाईंचं आणि माझं ठरलंय. ती माझ्याहून वर्षाने मोठी आहे आणि रागीट आहे, म्हणजे आपल्या घरात परकी वाटणार नाही. आता तुझं काम. नुसते डोळे दाखवायचेत असं सांगून आईला इकडे घेऊन ये, दवाखाना कोणाचा ते बोलू नकोस. ऑपरेशन तीच करेल, पट्टी तीच सोडेल, आणि आई डोळे उघडेल तेव्हा समोर सून उभी, पूर्ण झालेली. रुसणं नाही, फुगणं नाही. मागच्या बाजूला सगळं लिहून तयार आहे. तू फक्त फळा फिरव.

आणखी ता. क. पत्र हिला वाचायला दिलं, ते चुकलं. म्हणाली, ‘पेशंटला न सांगता मी साधा थेंबही घालत नाही. आणि खेकड्यापासून तू काहीच शिकला नाहीस? मावशींच्या कागदावर मी आहे, आईंच्या कागदावर नाही.’ मी दुसरं पत्र लिहायला बसलो होतो, मग लक्षात आलं की गरजच नाही. मावशी, तुला मनात वाचता येत नाही. तेव्हा आई, तू सगळं ऐकलंच आहेस. ऑपरेशनची तुझ्याइतकीच भीती मलाही वाटते. पण हिचा हात मी पाहिलाय, जराही हलत नाही. एकदा ये. डॉक्टर म्हणून ती चांगली आहे एवढं मी सांगतो. सून म्हणून कशी आहे, ते तू बघून सांग.