पट्टा, पोहे आणि हेदवाचे ताट

मी, डेबोरा मेनाशे वाकरूळकर, वय वर्षे एकाहत्तर, मूळची पेणजवळच्या वाकरूळची, पुढे मुंबईत माझगावची आणि आता इस्राएलात कायमची येरुहामची, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहून ठेवते. माझे चित्त ठिकाणावर आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरने छाती तपासली आणि हृदय थकले आहे म्हणाला. डोक्याबद्दल त्याने काही विचारले नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी शेजारच्या त्सिलाला विचारावे, तिला माझ्या डोक्याचा पुष्कळ अनुभव आहे. हिब्रूत मला बाजार करता येतो आणि भांडताही येते, पण हे लिहिता येणार नाही, म्हणून मराठीत लिहिते. भाषांतर माझी नात रूत करून देईल.

कलम पहिले. मी राहते ते दोन खोल्यांचे घर माझी सून हेदवा, म्हणजे माझा मोठा मुलगा कै. अव्नेर याची पत्नी आणि रूतची आई, हिला पूर्णपणे देते. त्यावर इतर कोणाचा हक्क नाही. तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील. केले तर मला आनंदच आहे. फक्त येणाऱ्याने दारात पाय पुसावेत, इथली धूळ पाहता एवढे मागणे जास्त नाही.

कलम दुसरे. माझे यजमान मेनाशे यांची सुतारकामाची पेटी, रंधा, पटाश्या व करवतीसह, धाकटा मुलगा नाथान याला मिळावी. तो एलातच्या हॉटेलात असतो आणि बसचा प्रवास लांबचा पडतो म्हणून त्याचे येणे होत नाही. बस दोन्हीकडून तेवढीच लांब आहे, तरी मी जात होते. "कंपनी देते ते घे आणि गप्प बस," असे त्याने मला अव्नेरच्या अपघाताबाबत फोनवर सांगितले होते, ते मी विसरलेले नाही. पण पोटचा तो पोटचाच. त्याने रंध्याला अधूनमधून तेल लावावे. माझ्या दफनाचा खर्च जाऊन बँकेत जे उरेल ते नाथान आणि रूत यांनी निम्मे निम्मे घ्यावे.

कलम तिसरे. या कलमात वाटणी नाही, पण खरे तर याच्यासाठीच मी कागद घेऊन बसले आहे.

अव्नेर पोटॅशच्या कारखान्यात कामाला होता. पुष्कळ वर्षे बसने गेला, मग गाडी घेतली. परदेशी बनावटीची, हिरवी. कंपनीचे नाव मी माझ्या मृत्युपत्रात येऊ देणार नाही. गाडी दारात आली त्या दिवशी आम्ही एलियाहू हनाबीचा, म्हणजे आमच्या एलिया प्रेषिताच्या नावाचा, मलिदा केला. घरात चांगले काही झाले की आम्ही बेने इस्राएल लोक गोड पोहे, खोबरे आणि फळे ताटात मांडून प्रार्थना करतो. प्रार्थना संपली आणि हेदवाने आनंदाच्या भरात ताट उचलून थेट गाडीत, चालकाच्या सीटवर नेऊन ठेवले. म्हणे, एलियाहू हनाबीने आधी बसावे. असे आमच्यात कोणी करत नाही. पण ती इतकी खूश होती की सगळे हसले आणि मीही हसले. काही पोहे सांडले. पुढचे कित्येक दिवस अव्नेर पँटला पोहे चिकटवून कामावर जायचा आणि लोकांना सांगायचा की बायको डबा सीटवरच वाढते.

पुढल्या वर्षी अव्नेर आणि हेदवा त्या गाडीने अरादहून मृत समुद्राकडे उतरताना समोरून ट्रक आला. दोघांनी पट्टे लावले होते. तसा कायदा झाला होता आणि अव्नेर कायदा पाळणारा माणूस. हेदवाचा पट्टा टिकला. अव्नेरचा धडकेत उघडला आणि तो काचेतून बाहेर फेकला गेला. माझा मुलगा तिथेच गेला.

आम्ही गाडीच्या कंपनीला कळवले. त्यांनी पट्ट्याचे बक्कल तपासणीसाठी नेले, आणि पुष्कळ दिवसांनी ते परत आले ते पत्रासकट. बकलाच्या खाचेत तांदळाच्या अन्नाचे कण सापडले, त्यामुळे खटका नीट बसला नाही, सबब कंपनीवर जबाबदारी येत नाही. रूतने वाचून दाखवले. हेदवा उठली आणि भांडी घासू लागली. भांडी घासलेलीच होती.

त्या दिवसापासून तिने पोह्यांना हात लावलेला नाही, आणि मराठीही सोडली आहे. मलिद्याच्या दिवशी तिचे डोके दुखते. आपल्या ताटाने नवरा मारला, असे तिने मनाशी धरले आहे. मी समजावले, आमची प्रार्थना चालवणारे येहेझकेलभाऊ यांनी समजावले. ती ऐकून घेते आणि हिब्रूत म्हणते की तपासणी यंत्राने केली आहे, यंत्राचे कोणाशी वैर नसते.

मग एक दिवस वर्तमानपत्रात सूचना आली. त्या बनावटीच्या सगळ्या गाड्या गॅरेजमध्ये आणाव्यात, चालकाच्या पट्ट्याचे बक्कल फुकट बदलून मिळेल. मी ठेवणीतले लुगडे नेसले, बक्कल अव्नेरच्या रुमालात बांधले आणि रूतला घेऊन तेल अवीवला कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबाने आम्हाला चहा दिला. रूत दोन्हीकडचे बोलणे सांगत होती. झाल्या गोष्टीबद्दल सहानुभूती म्हणून कंपनी काही रक्कम देईल, मी फक्त सही करावी, असे तो म्हणाला. मी विचारले, "देशातल्या सगळ्या गाड्यांत पोहे सांडले होते का?"

तो आधी हसला. मग त्याने चष्मा काढला. सूचना वेगळी आणि आमचे प्रकरण वेगळे, असे म्हणाला. मी म्हटले, रक्कम नको, एक वाक्य लिहून दे, की त्या ताटाचा दोष नव्हता. त्याने चष्मा पुसून पुन्हा लावला. शेवटी म्हणाला, मला स्वतःला तसेच वाटते, पण लिहून द्यायचा अधिकार मला नाही. माणूस वाईट नव्हता. बसथांब्यापर्यंत माझी पिशवी घेऊन आला. ते वाक्य मात्र त्याने दिले नाही.

घरी येऊन हेदवाला सगळे सांगितले. तिने एवढेच विचारले की त्यांनी तसे लिहून दिले का. मी नाही म्हणाले. पण येताना बसमध्ये रूत, जी माझ्या मराठीला सदा हिब्रूत उत्तर देते, ती मराठीत बोलली होती. "आजी, तूच लिही ना. तू लिहिलंस तर आई ऐकेल."

कलम चौथे. कंपनी लिहून देत नाही म्हणून मी लिहून देते, दोन साक्षीदारांसमोर आणि देवाला स्मरून. माझा मुलगा अव्नेर वाकरूळकर याचा मृत्यू वाईट बनवलेल्या बकलामुळे झाला. हेदवाच्या ताटाचा, त्यातल्या पोह्यांचा किंवा तिच्या त्या दिवशीच्या आनंदाचा त्यात काडीइतका दोष नाही. हे लिहिण्याचा अधिकार मला आहे, कारण त्याला मी जन्म दिला आहे. हेदवा, बाय माझे, एक लेकरू मी मातीत ठेवले. तुला जितेपणी त्याच्याशेजारी निजवायची माझी तयारी नाही. तू मला फार लाडकी आहेस. हे तोंडाने सांगायला हवे होते, पण आपल्या घरात असले बोलायची रीत नाही, म्हणून कलमात घातले.

कलम पाचवे. बक्कल रूतने ठेवावे, कारण ती माझ्यासोबत आली होती. मलिद्याचे जर्मन सिल्व्हरचे ताट हेदवाला देते. मी गेल्यावर पहिल्या वर्षदिनी त्या ताटात मलिदा व्हावा आणि तो तिच्याच हातचा असावा. दुसऱ्या कोणी केलेला मला चालणार नाही. वेलदोडे कमी घातलेले मला कळतात, हेही ध्यानात ठेवावे.

कलम सहावे. माझी नारळाची खवणी शेजारीण त्सिला हिने एका दिवसासाठी नेली, त्याला आता बरीच वर्षे झाली. ती या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे येहेझकेलभाऊ सांगतात. तेव्हा खवणी तिच्याकडे राहणे बेकायदेशीर आहे. ती हेदवाला परत करावी, खोबऱ्यावाचून मलिदा होत नाही.

सही करण्यापूर्वी जोडलेला मजकूर. वरील मृत्युपत्र येहेझकेलभाऊ साक्षीदारांसाठी मोठ्याने वाचत होते. चौथे कलम चालू असताना हेदवा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, वाचा. तिने शेवटपर्यंत ऐकले. चहा निवला. मग ती माझ्याशेजारी येऊन बसली, डोळे पुसले आणि किती वर्षांनी मराठीत म्हणाली, "पोहे जाडे घ्यायचे की पातळ?"

मी म्हटले, "पातळ."

सबब कलम पाचमध्ये दुरुस्ती करते. मी मरेपर्यंत थांबायचे कारण नाही. मलिदा येत्या गुरुवारी आहे.

येरुहाम, आमच्या होळीच्या सणानंतरचा, म्हणजे इथल्या पुरीमनंतरचा पहिला रविवार, १४ मार्च १९८२.

सही: डेबोरा मेनाशे वाकरूळकर

आम्हा दोघांसमक्ष बाईंनी सही केली, त्या शुद्धीवर होत्या आणि हसत होत्या.

साक्षीदार: येहेझकेल शमशोन झिराडकर

साक्षीदार: त्सिला पेणकर. खवणी आजच परत केली.