नवरदेवांना बांधलेला लाल दोरा

बाघमारा, गारो टेकड्या
१४ सप्टेंबर

प्रिय दिगंबरशास्त्री,

अर्धाच नमस्कार. उरलेला राखून ठेवतो, कारण तुझ्याविरुद्ध गंभीर तक्रार आहे. तुझं अक्षर! परमाणू असतात असं वैशेषिकांनी नुसतं सांगितलं, तू ते शाईने सिद्ध करायला निघालास. पुढचं पत्र कृपया मनुष्यांसाठी लिही.

इकडे घटपर्णी फुलल्या आहेत. पाहुणे येतात, किडे गिळणाऱ्या घटालाच फूल समजून फोटो काढतात आणि जातात. खरा फुलोरा वर असतो, त्याकडे कुणी बघत नाही. नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा. वाट साफ करण्याआधी मादी वेलींना लाल दोरा बांधायचा, म्हणजे कोयता तिथे थांबतो आणि बी धरतं. सासूबाईंनी घालून दिलेली ही रीत. लग्नापासून तो मान या घरजावयाचा.

यंदाही बांधले. मेहुणा तेंगसान वाट साफ करून आला. त्याच्यामागून माझी बायको सेंगची आली, हातात छाटलेला वेल, त्यावर फुगलेली हिरवी बोंडं.

"मास्तर, बांगड्या भरल्यात नवरदेवांना, आणि नवऱ्या गेल्या कोयत्याखाली!"

तेंगसान म्हणाला, "अगं, आपल्याकडे नवरा सासरी नांदायला येतो ना? भावजींनी आपल्या जातभाईंची बाजू घेतली."

मीही हसलो. सेंगची मात्र हसता हसता मध्येच थांबली.

"हल्ली माशाचे काटे मला काढायला लावता. मला वाटलं, लाड चाललेत."

सासूबाईंनी झाकण अजून न उघडलेला एक घट तोडून आणला आणि त्यातलं पाणी माझ्या डोळ्यांत घातलं. त्यांच्या आईचं औषध.

"दिसतंय?"

"दिसतंय की. तुम्ही अगदी तरुण दिसता."

"म्हणजे दिसत नाही," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी सेंगचीचे मामा येऊन बसले आणि ठरवून गेले: सोमवारी शिलाँगला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. इथे घरात मामांचा शब्द शेवटचा; जावयाला नाही म्हणायची सोय नसते.

दिगंबर, तुझं अक्षर पूर्वीएवढंच आहे. तुझं मागचं पत्र मी वाचलेलं नाही. उन्हात धरलं, दिव्यापाशी धरलं. वाचता आलं नाही. याही ओळी अंदाजाने लिहितो आहे, एकीवर दुसरी चढली असेल.

डोळे गेले तर हाल होणार नाहीत. ही माणसं मला हाताला धरून नेतील. पण मराठी वाचणारं इथे माझ्याशिवाय कुणी नाही. तुझं पत्र येईल आणि ते मला वाचून दाखवणारं कुणी नसेल, याची मला भीती वाटते.

मोठ्या अक्षरात लिही. उरलेला अर्धा नमस्कार इथे घे.

तुझा
त्र्यंबक