खटक्याच्या चाकूवरची गाय

किनाऱ्याचा रस्ता, हॅनकॉकजवळ, मिशिगन
दि. २० एप्रिल १९८६

चि. इर्या हिला सायमाआत्याचे, आता एकाच हाताने का होईना, पण भरभरून आशीर्वाद.

वि. वि. सरोवरावरचा बर्फ फुटायला लागलाय. डाव्या हाताने लिहिते आहे, त्यामुळे अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं. कंटाळा न करता वाच. तब्येत ठीक आहे. जखम भरली, पण जाळं ओढायच्या यंत्रात गेलेल्या उजव्या हाताची बोटं अजून रात्री खाजतात. नसलेली बोटं खाजवायची कशी, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

मासे धुरी देऊन विकायचं माझं दुकान बंद आहे ते आहेच. घरातून बाहेर पडत नाही म्हणून रागावू नकोस. बाहेर पडलं की चारजणी धावत येऊन माझ्या कोटाची बटणं लावतात. त्यापेक्षा घर बरं.

लिहायचं कारण वेगळंच. काल टपालात एक चिमुकलं खोकं आलं. वर नुसतं ‘एस. रिंताला, किनाऱ्याचा रस्ता’. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. दोरी दातांनी तोडली, तर आत एक मिटलेला चाकू. माझ्या करंगळीएवढा. मुठीवर पितळी बटण आहे. दाबलं की खट्, पातं बाहेर! मी घाबरून तो लोण्यात टाकला. नंतर मात्र तासभर खट् खट् करत बसले. एका हाताने उघडतो गं! अंगठा सोडून कशाचीच गरज नाही.

आणि मुठीवर काय रंगवलंय म्हणशील? निळ्या रंगावर एक गाय. स्कीवर! गळ्यात लाल मफलर, शेपूट वाऱ्यावर, आणि डोक्यावर शिंग एकच. दुसरं काढायला रंग संपला की जागा संपली, देव जाणे. हा आचरटपणा तुझाच असणार. खरं सांग. खोक्यावरचे कागद मी वाफेच्या सौनाच्या चुलीत घातले, नाहीतर टपालाचा शिक्का बघूनच तुला पकडलं असतं.

कारखान्यात मोटारींची सीटकव्हरं शिवताना सुया बोटात घुसवू नकोस. उत्तर लवकर दे, नाहीतर लोभातून कापून घेईन.
तुझी, सायमाआत्या


डेट्रॉइट
दि. ३ मे १९८६

ती. सायमाआत्याच्या चरणी (पाय दोन्ही शाबूत असल्यामुळे) सा. न. वि. वि.

मी नाही पाठवला! शपथ. मला सुचलं असतं तर मी गाय नाही, तुझंच चित्र काढलं असतं, स्कीवर, हातात काठी घेऊन शेजाऱ्यांच्या मागे लागलेलं. कारखान्यात ओव्हरटाइम चालू आहे. सुया नीट आहेत, घुसतात त्या फोरमनच्या नजरा.

पण मला चैन पडेना. कोण असेल? तुझ्यावर माया करणारा, तुझी अडचण ओळखणारा, वर थट्टा करायची हिंमत असणारा. असा माणूस आपल्या गावात आहे? मला एकही आठवत नाही. तू घरात बसून ओळखणार नाहीस. एकेकाला जाऊन विचार. बटणं लावतील तर लावू देत.

माया आहेच, ती या वर्षीही पुरवून पुरवून वापरावी.
तुझी, इर्या


किनाऱ्याचा रस्ता
दि. १० जून १९८६

चि. इर्यास आशीर्वाद, वि. वि.

तुझं ऐकलं आणि गाव पालथं घातलं. कोऑपच्या दुकानात विचारलं, लोहाराला विचारलं, पाळकांच्या बायकोला विचारलं. स्कीवरची गाय म्हटल्यावर सगळे माझ्याकडे असे बघायचे, जणू हाताबरोबर डोकंही गेलंय. पण एक झालं. विचारता विचारता मी कॉफी पिऊन यायला लागले, आणि खिशातल्या चाकूने दोऱ्या, पाकिटं, बटाट्याची पोती सगळं स्वतः उघडायला लागले. परवा कोटाची बटणंही स्वतः लावली. तिरकी लागली, पण लागली.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. वेलदोडे घातलेल्या निसू ब्रेडच्या खोक्याला दोरी. कात्री सापडेना. तीनजणी मला खाली बस म्हणून दामटायला लागल्या. मी खिशातून काढला आणि खट्! दोरी तुटली. आपल्या कुस्ताचा मुलगा ऑर्विल पोलिसात डेप्युटी शेरीफ झालाय ना, तो कप ठेवून पुढे आला. म्हणाला, काकू, असा खटक्याचा चाकू बाळगायला या राज्यात बंदी आहे, मला तो जप्त करावा लागेल. मी म्हटलं, कर बाबा, पण दोन्ही हात वर कर म्हणालास तर पंचाईत आहे. सगळा हॉल हसला आणि पोराचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी तो टोपी हातात घेऊन दारात. पुस्तक बघून आला होता. म्हणाला, माफ करा काकू, एकच हात असलेल्या माणसाला रोजच्या कामासाठी बाळगता येतो, कायद्यातच लिहिलंय. मी म्हटलं, बघ, हात गेला पण हक्क आला. मग कॉफी पिता पिता तो सहज म्हणाला, की माझ्या सगळ्या हद्दीत असा चाकू खिशात ठेवू शकणारी दोनच माणसं. एक तुम्ही, दुसरे वरच्या खाणवस्तीतले सुलो रिंताला. त्यांचा डावा हात खाणीत गेला ना, फार वर्षं झाली.

इर्या, माझी कॉफी तिथेच निवली. सुलो रिंताला. एस. रिंताला! आमचं नातं काही नाही, या भागात दगड मारला तर तो रिंतालालाच लागतो. पण खाण बंद व्हायच्या आधी हा माणूस याच रस्त्यावर राहायचा. नवा टपालवाला बिचारा काय करणार, ‘किनाऱ्याचा रस्ता’ एवढंच लिहिलेलं, आणि रस्त्यावर एस. रिंताला एकच, मी.

कदाचित नसेलही तसं. तू काय म्हणतेस?
तुझ्या उत्तराकडे डोळे लावून, सायमाआत्या


डेट्रॉइट
दि. १९ जून १९८६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काय म्हणणार? जा आणि विचार! ‘कदाचित नसेलही’ असं तू लिहितेस तेव्हा तुला उत्तर माहीत असतं, हे मी लहानपणापासून बघते आहे. मला तर आता रात्री झोप नाही. गाय का? स्की का? एकच शिंग का? सगळं विचारून ये आणि सगळं लिही, काही गाळू नकोस.
तुझी उतावळी, इर्या


किनाऱ्याचा रस्ता
दि. ७ जुलै १९८६

चि. इर्यास आशीर्वाद, वि. वि.

गेले होते. सगळं लिहिते, पण वाचून माझ्याबद्दलचं मत फार खाली आणू नकोस.

सुलो म्हणजे उंच, वाळका, बोलणं पैशाने विकत घ्यावं लागेल असा. चाकू एप्रनच्या खिशात ठेवून गेले आणि विचारलं, की बुटाची नाडी एका हाताने कशी बांधता? म्हणाला, बांधत नाही, गाठ मारूनच ठेवतो आणि पाय आत कोंबतो. आणि एकदम माणूस खुलला! स्वैपाकघरात नेऊन एक फळी दाखवली. तिच्यातून खालून दोन खिळे वर काढलेत, त्यांच्यावर मासा खोचायचा, मग हलत नाही, एका हाताने साफ करता येतो. बाई, धुरी बंद का ठेवलीत, म्हणाला. उद्या या, तुम्हाला उजवीडावी बदलून अशीच फळी करून देतो.

मग मी हळूच विचारलं, की तुम्ही कधी स्की करणाऱ्या गाईबद्दल ऐकलंय का?

त्याच्या हातातला कप खाली आला. तुम्हाला कोणी सांगितलं, म्हणाला. मी म्हटलं, ऐकलं कुठेतरी. मग खिडकीबाहेर बघत सांगायला लागला. त्याची मुलगी हेल्मी लहानपणी लापशी खायची नाही. हात गेल्यानंतर तो घरीच असायचा, तिला भरवायचा. तेव्हा त्याने मुस्तिक्की नावाची गाय रचली. तिचं एक शिंग मोडलं म्हणून मालक तिला विकायला निघाला, तर ती त्याच्या स्की पायात चढवून पळाली. रोज एक घास, एक टेकडी. हेल्मीनेच मफलर घातला तिला. हे त्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक असायचं कारण नाही.

हेल्मीचं लग्न याला पसंत नव्हतं, हा गेला नाही. तेव्हापासून बोलणं तुटलं. गेल्या नाताळात कोणाकडून तरी तिचा पत्ता मिळवून याने एक कार्ड पाठवलं. आत फक्त सही, आपला पत्ताही घातला नाही. तेवढं लिहायलाच जीव गेला म्हणाला. तेव्हापासून रोज टपालाच्या डब्यापर्यंत जाऊन येतो. नाही आलं उत्तर, म्हणाला. येणारही नाही, बाप कसा आहे हे तिला माहीत आहे.

आणि उत्तर माझ्या एप्रनमध्ये होतं, इर्या. मी हात खिशात घातला, आणि तसाच ठेवला. उठून घरी आले.

का, ते विचारू नकोस, नाहीतर विचारच. त्या खटक्याने मला माणसांत आणलं. तो दिला की मी पुन्हा दातांनी दोऱ्या तोडणारी बाई. रोज ठरवते उद्या देईन. उद्या होतं आणि मी त्याच चाकूने ब्रेड कापते.
तुझी, सा.


डेट्रॉइट
दि. १३ जुलै १९८६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुला रागवायला बसले होते, दोन कागद फाडले. तुझ्या जागी मीही उठून आले असते. पण आत्या, एक विचार कर. तो डब्यापर्यंत जाऊन येतो तशीच ती तिकडे टपालवाल्याची वाट बघत असेल. तिला वाटत असेल, गाय बघूनही बाप विरघळला नाही. तू दोघांच्या मधे उभी आहेस आणि दोघांना दिसत नाहीयेस.

आणि दातांनी दोऱ्या तोडणारी बाई मला फार आवडायची.
लोभ आहे, रागासकट.
इर्या


किनाऱ्याचा रस्ता
दि. २४ जुलै १९८६

चि. इर्यास आशीर्वाद, वि. वि.

दिला. तुझं पत्र आलं त्याच दुपारी टेकडी चढले. वाटेत शेवटचा म्हणून एकदा खट् केला. वेडी म्हण.

खरं सगळं सांगितलं, मधले आठवडे दडवून ठेवला तेसुद्धा. तो माझ्याकडे बघतच नव्हता. चाकू तळव्यावर घेऊन बसला होता. अंगठा त्या गाईवरून फिरवत होता, मफलरवरून, शिंगावरून. बटण कुठे आहे ते सांगायला माझी जीभ वळवळत होती, पण गप्प राहिले. त्याचं त्यालाच सापडलं. पातं उघडलं तसा दचकला, आणि मग जे हसला! इतक्या वाळक्या माणसात एवढं हसू कुठे ठेवलेलं असतं गं? हसता हसता तोंड फिरवलं.

मग विचारलं, कधी आला? मी म्हटलं, एप्रिलमध्ये. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, म्हणजे बापाला काही पडलेलं नाही असं तिने केव्हाच ठरवलं असेल. आता मी काय तोंडाने लिहू? मी म्हटलं, तोंडाने नाही, हाताने लिहा, तो आहे तुम्हाला. पण तो काही लिहायचा नाही. तास दीड तास भांडले, फळी घेऊन परत आले.

हेल्मी डेट्रॉइटलाच असते, दुकानांच्या पाट्या रंगवते. पत्ता खाली देते आहे. पुढचं तुला न सांगता कळतं.
तुझी, रिकाम्या खिशाची आत्या


डेट्रॉइट
दि. ९ ऑगस्ट १९८६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

गेले होते. तुझ्यासारखंच सगळं लिहिते.

हेल्मी शिडीवर होती, एका बेकरीची पाटी रंगवत. मी खालून विचारलं, की मुस्तिक्कीला तुम्ही ओळखता का? शिडीवरून पडता पडता वाचली. आधी वाटलं तिला, की बाप गेला आणि मी निरोप घेऊन आले. मी घाईघाईने म्हटलं, नाही नाही, ठणठणीत आहेत, माझ्या आत्याशी भांडतायत. तेव्हा खाली उतरून फुटपाथवरच बसली.

चित्र नसलेला चाकू तिने इथल्या एका दुकानातून घेतला. दुकानदार आधी देईना. वडिलांना एकच हात आहे हे त्याला समजावून सांगावं लागलं आणि सांगता सांगता तिला रडू आलं, तेव्हा त्याने गुपचूप काढून दिला. गाय तिने स्वतः रंगवली आणि तिला माहीत असलेल्या जुन्याच पत्त्यावर धाडली. चिठ्ठी मुद्दाम घातली नाही, शब्द लिहिला की भांडण होतं म्हणाली. मग मे गेला, जून गेला. तिने ठरवून टाकलं होतं, की बापाने चाकू चुलीत टाकला.

तू दडवलास हेही सांगितलं. मला वाटलं चिडेल. तिने एवढंच विचारलं, की त्यांना चांगला उघडता येत होता का? त्यांना म्हणजे तुला. मी म्हटलं, चर्चमध्ये पोलिसासमोर उघडला. तेव्हा पहिल्यांदा हसली. बापासारखं हसत असेल तर मला ते हसू आता माहीत आहे.

पण जाईन असं म्हणाली नाही. बघते म्हणाली.
तुझी, इर्या


किनाऱ्याचा रस्ता
दि. ६ डिसेंबर १९८६

चि. इर्यास भरपूर आशीर्वाद, वि. वि.

सोबत धुरी दिलेला व्हाइटफिश पाठवते आहे. खिळ्यांच्या फळीवर मीच साफ केला, दुकान शनिवारपासून उघडलंय. दोऱ्या दातांनीच तोडते. दात अजून माझेच आहेत.

हेल्मी आली! गेल्या रविवारी, बसने, गुडघाभर बर्फात. ‘येते’ एवढंच तिचं कार्ड आलं, तेव्हापासून तीन दिवस सुलोने मला छळलं, की बाई तुम्ही थांबा, मला काय बोलावं कळणार नाही. म्हणून गेले. ती दारात उभी, हा चुलीपाशी उभा. तिने पिशवी ठेवली. याने कॉफी ओतली. ती प्रवासाबद्दल दोन वाक्यं बोलली, याने बर्फाबद्दल एक. मग दोघंही कपात बघत बसले. इर्या, मी आयुष्यात इतकी अवघडले नाही. उठून जावं तर सुलोचे डोळे मला खिळवतायत.

शेवटी मला राहवेना. मी म्हटलं, बाकीचं जाऊ द्या, मला उन्हाळ्यापासून एक कोडं पडलंय. त्या गाईला पाय चार आणि मालकाच्या स्की दोन. मग ती चालायची कशी?

सुलो म्हणाला, मागच्या पायांत घालून, उभी राहून. हेल्मी त्याच क्षणी म्हणाली, पुढच्या पायांत, मागचे ढकलायला. तो म्हणाला, काहीतरीच, मीच रचली ना? ती म्हणाली, तुम्ही रचलीत, पण ऐकली मी आहे, रोज! तो म्हणाला, पुढच्या पायांत घातल्या तर उतारावर तोंडावर पडेल. ती म्हणाली, पडायचीच ती, तिसऱ्या टेकडीवर, विसरलात तुम्ही? तो उठला, टेबलावर चमचे मांडून दाखवायला लागला. तिने चमचे हिसकावून घेतले. आवाज असे चढले, की मी कोट कधी घातला आणि दार कधी ओढलं, दोघांना पत्ता नाही. फाटकापर्यंत ऐकू येत होतं.

ती बुधवारी परत जायची होती. गुरुवारी मला कोऑपमध्ये दिसली, मोठी पिशवी भरून लोणी, पीठ, वेलदोडे घेत होती. मी विचारलं, अगं, तू अजून इथेच? गाईचं काय ठरलं? म्हणाली, अजून ठरायचंय. म्हणून नवऱ्याला फोन केलाय, तूच नाताळला इकडे ये.

थंडी फार आहे, कानावरून टोपी घेत जा. सुट्टी मिळाली तर तूही ये, मासे आहेत, जागा आहे. एवढं कळावे, बाकीची माया भेटीत.
तुझी, सायमाआत्या