एका त्रामीतले चौघे

२३ नोव्हेंबर
सकाळपासून घसा खवखवतोय, अंगात कसकस. झूना म्हणाली, "अहो, आज लग्नाला जाऊ नका." बायकांना काय कळणार — एका त्रामीत, एकाच मोठ्या ताटात, चौघांनी जेवायचं. तीस वर्षं प्रत्येक लग्नात आमचे चौघे ठरलेले. गेलो. वयाने मोठा मी, म्हणून मांस मीच बोटांनी तोडून चौघांपुढे वाटलं. शेजारी सनाउल्ला. त्याला मऊ तुकडा सरकवला.

२४ नोव्हेंबर
ताप एकशे दोन. डॉक्टर शाहिदाबाईंनी नाकात काडी घालून तपासलं. इन्फ्लूएंझा. "चाचा, ऑक्टोबरात फ्लूची लस घ्या म्हटलं होतं ना?" पाच दिवसांच्या कॅप्सूल दिल्या, सकाळ-संध्याकाळ. मग विचारलं, "काल कुणाबरोबर जेवलात? छाती कमजोर असलेलं कुणी असेल तर त्याला दोन दिवसांच्या आत औषध सुरू करायला हवं."
मी म्हणालो, घरीच होतो.
का म्हणालो असं?

२५ नोव्हेंबर
सनाउल्लाला दमा आहे. गेल्या हिवाळ्यात आठ दिवस ऑक्सिजनवर होता. सांगितलं तर सगळा मोहल्ला म्हणेल, म्हाताऱ्याने मेजवानीसाठी ताप लपवला. झूनाला विचारलं, सांगू का? "मला काय विचारता? तोंड तुमचं, भीतीही तुमचीच."
दोन दिवस आजच संपतात. अंगावरच्या फेरनमध्ये निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसलोय, तरी हुडहुडी जात नाही. तापाची की कसली, कळत नाही.

२६ नोव्हेंबर
नाही गेलो.

२७ नोव्हेंबर
गेलो. मास्क लावून रस्त्यावरूनच हाक मारली. सनाउल्ला खिडकीत आला. "तोंड बांधून आलास? माझ्या कोंबड्या चोरायच्यात की काय?" हसता हसता खोकला आला तो थांबेना.
सगळं सांगितलं. त्याने खिडकी लावून घेतली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.
तसाच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन खरं बोललो.  त्यांनी लगेच सनाउल्लाच्या मुलाला, बशीरला, फोन लावला.

२८ नोव्हेंबर
सनाउल्लाला इस्पितळात नेलं. ऑक्सिजन लावलाय. झूना माझ्याशी बोलत नाही. मीही माझ्याशी बोलत नाही.

२९ नोव्हेंबर
बशीर येऊन सांगून गेला. तिथल्या डॉक्टरांनी ताप कधीपासून आहे असं विचारलं, तेव्हा सनाउल्लाने कबूल केलं — लग्नाच्या आदल्या दिवसापासून. म्हणाला, मी गेलो नसतो तर माझ्या जागी कुणी परका बसवला असता. आणि सारखा विचारतोय, त्या म्हाताऱ्याचा ताप उतरला का.