डाव्या हाताचा ठेका

प्रिय शालिनी,

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी चष्मा लाव आणि एका जागी बस, कारण माझं पत्र म्हणजे माझ्या बोलण्यासारखंच, सुरू झालं की थांबत नाही. तू म्हणशील, हिला काय झालं, आजच्या काळात पाकीट कसलं पाठवतेय! काय करणार बाई? फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि मेसेज केला तर उत्तरात नुसते दोन जोडलेले हात येतात. त्या हातांशी मी किती बोलू? दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये भिंतीला भिंत लावून आयुष्य काढलं आपण. आलेलं पत्र न वाचता ठेवून देणाऱ्यातली तू नाहीस, तेवढं मला ठाऊक आहे.

पहिली बातमी आधी सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. हे बरे आहेत. पूर्वीसारखे नाहीत, पण बरे आहेत. सकाळी चहाला नावं ठेवतात, म्हणजे समजून घे.

स्ट्रोकचं तुला तुझ्या लेकीकडून, मयुराकडून कळलंच असेल. पितृपंधरवड्यात सकाळी दाढी करता करता ब्रश हातातून गळाला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. नशीब, आमचा आशय ऑफिसला निघालेला नव्हता. त्याने गाडी काढली, नोएडाच्या ट्रॅफिकमधून यांना हॉस्पिटलात कसं नेलं त्याचं त्याला माहीत. जीव वाचला. पण उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. गेली म्हणजे कशी, तर समजायचं सगळं, डोळ्यांत दिसायचं की कळतंय, पण शब्द सापडायचा नाही. ‘ते... ते...’ एवढंच यायचं. पाणी हवं तरी ‘ते’, दिवा मालव तरी ‘ते’. अगं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला सळो की पळो करून सोडणारा माणूस हा! डॉक्टर म्हणाले, वाचा परत येऊ शकते, पण पहिले काही महिने महत्त्वाचे, पेशंटने प्रयत्न सोडला तर मग कठीण. आणि हे नेमका प्रयत्नच सोडत होते. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. घास भरवला तर दोन घासांनंतर तोंड मिटायचे. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडून घ्यायची. जीव वाचवून आणला, पण माणूस तिकडेच राहिला असं वाटायचं.

आता आमचा शहाणपणा ऐक. आपल्या दिल्लीकर मराठी माणसांची खोड तुला माहीत आहे. खोलीत एक बाहेरचा माणूस आला की आपण सगळे हिंदीत, आपापसातसुद्धा. तुझ्याकडे हळदीकुंकवाला ती एक कपूरबाई यायची आणि तिच्यापायी आपण सगळ्याजणी एकमेकींना ‘लीजिए ना, लीजिए ना’ करत तिळगूळ द्यायचो, आठवतं? तसंच झालं. यांना उचलायला-बसवायला लल्लन नावाचा अटेंडंट ठेवला, बिहारमधल्या छपऱ्याकडचा, स्वभावाने फार चांगला. पण तो दिवसभर घरात, म्हणून घर दिवसभर हिंदीत. बोलायला शिकवायला तनेजा मॅडम यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की घरची भाषा कोणती, कशात शिकवू. मी आणि आशय एका सुरात म्हणालो, हिंदी, हिंदी बिल्कुल ठीक है. चाळीस वर्षं दिल्लीत काढली, अडचण कसली? मग चित्रांची कार्डं आली. पानी, चाय, दवाई, दर्द. मी पण यांच्यासमोर बसून ‘पा-नी बोलिए, पा-नी’ सुरू केलं. शालिनी, जन्मात मी या माणसाशी हिंदीत बोलले नव्हते. ते माझ्याकडे असे बघायचे की जणू मी त्यांच्या घरात आलेली कोणी परकी बाई आहे. मला वाटायचं, आजारपणाने डोळे तसे झालेत. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही की या माणसाच्या कानावर कित्येक दिवसांत मराठीचा शब्द पडलेला नाही.

दिवाळी आली-गेली, करंज्यासुद्धा केल्या नाहीत. हवा तर विचारू नकोस, खिडक्या बंद, घरात ते एअर प्युरिफायर घोंघावतंय. दिवाळीनंतर लल्लन छठसाठी गावाला गेला. जाणारच, छठला बिहारमधला माणूस इथे थांबत नाही. आशय आणि सूनबाई रेवती दोघं ऑफिसला, आणि घरात आम्ही दोघंच. कार्तिकी एकादशीचा दिवस, मी खिचडीसाठी दाण्याचं कूट करायला घेतलं. मिक्सरचा आवाज यांना सोसत नव्हता, दचकायचे, म्हणून खलबत्ता काढला. घरात कोणी नाही म्हटल्यावर माझं तोंडही मोकळं सुटलं. महागाईला, दिल्लीच्या धुराला, लल्लनच्या सुट्टीला, सगळ्यांना मराठीत शिव्या घालून झाल्या, आणि मग कुटता कुटता तुझं ते भजन गुणगुणायला लागले. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात तू दरवर्षी कार्यक्रमाच्या शेवटी म्हणायचीस आणि हे तबल्याच्या साथीला असायचे, तेच. आता मी आणि ताल यांचं वैर तुला काय सांगायचं? गणपतीच्या आरतीत माझी टाळी चुकली की हे तबल्यावरून डोळे वटारायचे. तर मी आपली दाणकन कुठेही बत्ता आपटतेय आणि गातेय. आणि एवढ्यात आतून पलंगावर फाडकन थाप पडली आणि आवाज आला, ‘धा!’

मी बत्ता हातात धरून तशीच उभी. वाटलं, भास झाला. घाबरत घाबरत परत कुटायला लागले, पुन्हा चुकले असणार, कारण पुन्हा थाप आणि पुन्हा ‘धा!’, या वेळी चांगलं चिडून. धावत आत गेले. हे भिंतीकडे नव्हते बघत, दाराकडे बघत होते. डावा हात पलंगावर आणि चेहऱ्यावर तोच जुना राग, ‘ही बाई सम कुठे टाकतेय!’ हा. अगं, त्या रागाचं मी काय कौतुक करू! मी म्हटलं, मग तुम्हीच दाखवा कसं ते. आणि ते डाव्या हाताने पलंगावर थापा देत म्हणाले, ‘धा गे ना ती ना के धी ना.’ अख्खा केरवा ताल. एक अक्षर अडखळलं नाही. ज्यांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं त्यांनी! मी खाली बसले आणि कुटाच्या हातांनीच तोंड झाकून रडले. या वेळी नळ सोडायला उठले नाही.

संध्याकाळी आशय आला तर त्याला खरं वाटेना. त्याने माळ्यावरून तबला-डग्गा काढला, धूळ झटकली. उजवा हात चालत नव्हता, म्हणून तबला बाजूला राहिला आणि नुसता डग्गा पलंगावर, डाव्या हातापाशी ठेवला. आणि मग गंमत बघ. डाव्या हाताने डग्गा वाजायचा, आणि उजव्या हाताचं जे वाजत नव्हतं ते हे तोंडाने वाजवायचे. लहानपणी सांगलीच्या गुरुजींनी यांना पहिलं वर्षभर तबल्याला हातच लावू दिला नव्हता, नुसते बोल म्हणवून घ्यायचे. आधी जिभेवर, मग बोटांवर, अशी त्यांची शिस्त. तेव्हा हे म्हणे रडायचे की मला वाजवू का देत नाहीत. त्या गुरुजींना मी आता रोज देवाबरोबर हात जोडते.

तनेजा मॅडमना दाखवलं तर बाई खुर्चीवरून उठल्याच. त्या म्हणाल्या की असं होतं, बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची, ठेक्याची वाट कधीकधी उघडी राहते, तिथून शब्द आणता येतात. पण शब्द त्यांच्या आतले हवेत. मग मी मान खाली घालून सांगितलं की आतले शब्द मराठी आहेत. त्यांनी कार्डं बॅगेत टाकली आणि म्हणाल्या, तो चलो, अब आप सिखाइए, मैं सीखूँगी. त्या दिवसापासून घर मराठीत आलं. लल्लन परतला तरी आम्ही मराठीतच, आणि त्यालाही आता ‘उठा साहेब’, ‘हळू हळू’ येतं.

मग आम्ही ठेक्यावर शब्द बसवायला लागलो. डग्ग्यावर थाप आणि ‘पा-णी-ह-वं’. दुसरी थाप आणि ‘दि-वा-मा-लव’. रेवती दिल्लीत वाढलेली, तिला ‘मालव’, ‘सार’, ‘लोट’ असले शब्द कुठून येणार? ती यांच्याबरोबर बसून शिकायची आणि चुकली की हे हसायचे. हसायचे, शालिनी! यांनी स्वतःच्या मनाने म्हटलेले पहिले शब्द काय होते माहीत आहे? मला वाटलं, निदान माझं नाव तरी असेल. तर डग्ग्यावर थाप देऊन म्हणाले, ‘मी-ठ-क-मी.’ आमटी खाताना! संसाराचं सार्थक झालं बघ.

सगळं काही असं गोडगोड नव्हतं. काही दिवशी सकाळी बसले की काहीच यायचं नाही, डग्गा ढकलून द्यायचे. एकदा आशयचं नाव आठवेना तेव्हा लहान मुलासारखे रडले, आणि तो बिचारा म्हणतोय, बाबा, नावात काय आहे, यार, बसा. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हात डग्ग्याकडे जायचा. औषधं दिली डॉक्टरांनी, व्यायाम करून घेतला लल्लनने, ते सगळं हवंच होतं. पण उठून बसायची इच्छा त्या डग्ग्याने दिली, हे मी कोणालाही ठणकावून सांगेन. आता थंडी ओसरलीय, हे काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात. मी आता रात्री झोपते. खरंच गाढ झोपते.

आता मुद्द्याची गोष्ट. परवा मयुराचा फोन आला होता. मी पोळ्या लाटत होते म्हणून स्पीकरवर टाकला, हे मागे टेबलाशी बसलेत हे विसरूनच गेले. पोरगी रडत होती. म्हणाली, बाबा गेल्यापासून आई एक ओळसुद्धा गायली नाही. तानपुरा एका क्लासला देऊन टाकला. देवापुढे दिवा लावते तोही मुक्याने, आणि घरात कोणी गाणं लावलं तर उठून आत जाते. मी तिला धीर दिला आणि फोन ठेवला. तर मागून आवाज आला, ‘शालिनी.’ मी वळून बघितलं. डग्गा आतल्या खोलीत होता. हात टेबलावर नुसता ठेवलेला, थाप नाही, ठेका नाही. बराच वेळ ओठ हलले आणि मग म्हणाले, ‘शालिनी... गात नाही?’ आजवर त्यांनी मागितलं होतं, नको म्हटलं होतं, चिडले होते. पण स्वतःहून कोणाबद्दल काही विचारलं नव्हतं. आजारपणानंतरचा त्यांचा हा पहिला प्रश्न. संसार माझ्याशी, शुश्रूषा माझी, आणि पहिला प्रश्न तुझ्यासाठी! एरवी मी भांडले असते. त्या दिवशी पोळी तव्यावर करपून गेली तरी मला कळलं नाही.

तू गा, असं मी म्हणत नाहीये. हरीशभावजी पहिल्या रांगेत बसायचे आणि तू त्यांच्याकडे बघून सूर लावायचीस, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ती खुर्ची रिकामी ठेवून गाणं म्हणजे काय, हे तुला मी शिकवू नये. मी हे पत्र एवढ्याचसाठी लिहितेय की येत्या रविवारी सकाळी तुला आमच्या नंबरवरून फोन येईल, आणि तो मी करणार नाही. हे करणार आहेत. परवापासून रोज माझ्यासमोर बसून तयारी चाललीय, काय विचारायचं, कसं विचारायचं, आणि मला मध्ये बोलायची सक्त मनाई आहे. तर शालिनी, एवढा एक फोन उचल. पहिल्यांदा बराच वेळ काही ऐकू येणार नाही, म्हणून ठेवून देऊ नकोस, आणि दया येऊन त्यांचं वाक्य तू पुरं करू नकोस. ते शब्द शोधत असतील. बाकीच्या शब्दांना वेळ लागतो, पण तुझं नाव त्यांना पहिल्या फटक्यात येतं.

तुझीच,
चंद्रप्रभा