लेक पॅकिंगमध्ये

सोमवार, ४ मार्च
लेकीला नोकरी लागली! शहरातल्याच पंपांच्या कारखान्यात — पॅकिंगमध्ये. इथल्याच प्रशिक्षण केंद्रात संगणकावर चालणाऱ्या लेथ यंत्राचा कोर्स केलाय तिने! "आई, मी बारावीच सांगितलंय. कोर्स केलेले लगेच मोठ्या शहरात पळतात, म्हणून मालक घेतच नाहीत. तू कुठे बोलू नकोस. आणि छापू तर मुळीच नकोस!"
म्हणजे आता शिक्षण लपवायचं? पण घरी राहतेय. बरं वाटलं. वाटायला नको होतं का?

बुधवार, ६ मार्च
संपादकांनी रविवारचा लेख माझ्या गळ्यात मारला — इतकं नावाजलेलं प्रशिक्षण केंद्र असून शहरात उद्योग का वाढत नाहीत?
केंद्राचे प्राचार्य म्हणाले, "आम्ही मुलं घडवतो, बाई. इथे काम नाही, म्हणून जातात." रस्ता ओलांडून समोरच्याच पंपवाल्या मालकांकडे गेले. "नवी यंत्रं आणीन हो, पण चालवणार कोण? शिकलेला माणूस इथे औषधालाही मिळत नाही!" काचेपलीकडे लेक खोक्याला पट्टी लावत होती. तिने मान वर केली नाही. मीही चहा पीत राहिले.
दोघंही मनापासून बोलत होते. मग चुकतंय कुठे?

गुरुवार, ७ मार्च
लेखाची सुरुवात पुन्हा पुन्हा खोडली. जेवताना लेक म्हणाली, "आमच्या टेबलावरच्या निम्म्याजणी केंद्रातल्याच. एकमेकींना ओळखही दाखवत नाही!" आणि खो खो हसली. नवरा म्हणाला, "काखेत कळसा नि गावाला वळसा!" मला काही हसू येईना. हे छापलं तर पोरींची नोकरी जाणार. नाही छापलं तर लेखात उरतं काय?

शनिवार, ९ मार्च
लेख दिला. वेळेत, नेहमीसारखा. प्राचार्यांचं म्हणणं, मालकांचं म्हणणं. "समतोल झालाय," संपादक म्हणाले.

मंगळवार, १२ मार्च
कारखाना मोठ्या शहरात हलतोय. इथे शिकलेली माणसं नाहीत, हे भागीदारांना पटवायला मालकांनी माझाच लेख पुढे केला!
लेकीने आज त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. "अगं, आधी का नाही बोललीस? आता सगळं ठरलंय," म्हणाले. तिकडच्या लेथवर घेतलंय तिला.
एक तारखेला निघतेय.